फुकटाची गर्दी आणि ग्राहकाचा हक्क

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण मराठी माणसाला नवी नाही. एखादी वस्तू विनामूल्य किंवा नाममात्र किमतीत मिळणार असे जाहीर झाले, की गर्दी उसळते, माल अपुरा पडतो, रांगेतील बहुतेकांना रिकाम्या हाताने परतावे लागते आणि मग संतापाला तोंड फुटते. पूर्वी दुकानाच्या दारात घडणारा हा प्रकार ऑनलाइन खरेदी रूढ झाल्यानंतर संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर घडू लागला. मात्र येथे एक मोठा फरक आहे. पडद्यावरची गर्दी दिसत नाही. नांदेड जिल्ह्यातील लोहा येथे बसून बटण दाबणाऱ्या ग्राहकाला आपल्या पुढे किती लाख लोक उभे आहेत, माल किती आहे, किंबहुना तो आहे की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. अशा कोलमडलेल्या योजना, त्यांवर उमटलेल्या ग्राहकांच्या प्रतिक्रिया आणि कायद्याने ग्राहकाला दिलेले संरक्षण यांचा हा आढावा.

अदृश्य रांग

लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या खरेदी-विक्रीसाठी ती प्रसिद्ध आहे. तेथे गिऱ्हाईक जनावराचे दात पाहते, त्याला चालवून बघते आणि मगच भावाची बोलणी सुरू होतात. किती जनावरे आली आणि किती गिऱ्हाइके जमली, हे दोन्ही बाजूंना उघड्या डोळ्यांनी दिसते. माल कमी आणि मागणी जास्त असेल तर भाव चढणार, हे कोणी सांगावे लागत नाही.

ऑनलाइन सवलत योजनेत ही बरोबरी राहत नाही. मालाचा आकडा केवळ विक्रेत्याकडे असतो. ठरलेल्या क्षणी लाखो लोक एकाच पानावर येतात, तेव्हा सर्व्हरवर येणाऱ्या विनंत्यांची संख्या त्याच्या क्षमतेपलीकडे जाते. पान उघडत नाही, अर्धवट उघडते किंवा मध्येच बंद पडते. वस्तू 'कार्ट'मध्ये दिसत असली तरी अनेकदा ती त्या ग्राहकासाठी राखून ठेवलेली नसते. तो पत्ता भरत असतानाच दुसरा कोणीतरी पैसे भरून मोकळा होतो. बँकेचा सांकेतिक क्रमांक उशिरा येतो आणि तोवर व्यवहाराची मुदत संपते. सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे खात्यातून रक्कम वळती होते, पण मागणीची नोंदच होत नाही. ज्याच्या गावात नेटचा वेग कमी, तो या शर्यतीत आरंभापासूनच मागे असतो. योजना सर्वांसाठी खुली असल्याचे जाहिरात सांगते; प्रत्यक्षात तिचा लाभ वेगवान जोडणी असलेल्यालाच आधी मिळतो.

विमानाच्या तिकिटांचा धडा

मोफत योजना अंगलट येण्याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण इंटरनेटच्या आधीचे आहे. १९९२ मध्ये 'हूवर' या कंपनीने ब्रिटनमध्ये शंभर पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन परतीची तिकिटे मोफत देऊ केली. आरंभी युरोपातील शहरांसाठी असलेली ही योजना पुढे अमेरिकेपर्यंत वाढवण्यात आली. तिकिटांची किंमत खरेदीच्या रकमेच्या कितीतरी पट असल्याने लोकांनी गरज नसतानाही धूळ ओढणारी यंत्रे विकत घेतली. बरेचसे ग्राहक अर्ज, अटी आणि मुदती यांना कंटाळून दावा सोडून देतील, असा कंपनीचा होरा होता. तो सपशेल चुकला.

तिकिटे मिळेनात तेव्हा ग्राहक केवळ चिडून थांबले नाहीत. त्यांनी दबावगट स्थापन केला आणि न्यायालयात दावे दाखल केले. एका संतप्त ग्राहकाने तर दुरुस्तीसाठी आलेली कंपनीची गाडीच आपल्या आवारात अडकवून ठेवली. दोन लाखांहून अधिक लोकांना अखेर प्रवास घडला. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा भुर्दंड बसला, वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदे गमवावी लागली आणि १९९५ मध्ये हूवरचा युरोपातील व्यवसाय इटलीच्या 'कँडी' कंपनीला विकण्यात आला. ग्राहक कंटाळेल या गृहीतकावर आखलेली योजना किती महागात पडू शकते, याचा हा धडा होता.

दुकानातून पडद्यावर

भारतात २६ जानेवारी २००६ रोजी 'बिग बझार'ने 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा अनेक शहरांतील दुकानांवर एवढी झुंबड उडाली की काही ठिकाणी दारे बंद करून पोलिसांना पाचारण करावे लागले. पुढील वर्षांत ही सवलत एका दिवसाऐवजी अधिक दिवसांवर विभागण्यात आली. गर्दी डोळ्यांना दिसत असल्याने उपायही ताबडतोब सुचला.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी 'फ्लिपकार्ट'ने 'बिग बिलियन डे' योजला, त्या वेळी हीच झुंबड पडद्यावर उडाली. सकाळी आठ वाजता विक्री सुरू झाली आणि थोड्याच वेळात संकेतस्थळ अडखळू लागले. एक रुपयासारख्या किमतीत जाहीर झालेल्या वस्तू पाहता पाहता 'संपल्या'. काहींच्या नोंदवलेल्या मागण्या नंतर रद्द झाल्या. काही वस्तूंच्या मूळ किमती आदल्या दिवसांत वाढवून मग त्यावर सूट दाखवल्याचा आरोप ग्राहकांनी पडद्यांची छायाचित्रे जोडून केला. दहा तासांत सहाशे कोटी रुपयांची विक्री झाल्याचे कंपनीने अभिमानाने सांगितले खरे. परंतु दुसऱ्याच दिवशी संस्थापक सचिन बन्सल आणि बिनी बन्सल यांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. सुमारे पाच हजार सर्व्हर सज्ज ठेवले होते आणि नेहमीच्या वीसपट वर्दळीची तयारी केली होती, तरी ती अपुरी पडली, अशी कबुली त्यांनी दिली. बदलत्या किमती, संपलेला माल, रद्द झालेल्या मागण्या आणि संकेतस्थळातील बिघाड या चारही तक्रारींचा उल्लेख त्या माफीपत्रात होता. तत्कालीन केंद्रीय वाणिज्य राज्यमंत्री निर्मला सीतारामन यांनीही आलेल्या तक्रारींचा विचार करू, असे सांगितले. पुढच्या वर्षी ही विक्री एकाऐवजी पाच दिवसांवर नेण्यात आली.

२५१ रुपयांचा फोन

फ्लिपकार्टच्या बाबतीत माल होता, तो पुरला नाही. 'फ्रीडम २५१' या फोनच्या बाबतीत प्रश्न अधिक मूलभूत होता. नोएडा येथील 'रिंगिंग बेल्स' या फारशा परिचित नसलेल्या कंपनीने फेब्रुवारी २०१६ मध्ये अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. वृत्तपत्रांतून मोठ्या जाहिराती झळकल्या. दिल्लीतील अनावरण समारंभाला भाजपचे ज्येष्ठ नेते मुरली मनोहर जोशी उपस्थित होते. त्यामुळे योजनेला एक प्रकारची विश्वासार्हता लाभली. पोहोचवण्याचा ४० रुपयांचा खर्च धरून ग्राहकाला २९१ रुपये भरावयाचे होते आणि ३० जूनपर्यंत फोन घरी येणार होता.

१८ फेब्रुवारीला सकाळी सहा वाजता नोंदणी सुरू झाली आणि संकेतस्थळ कोलमडले. सेकंदाला सहा लाख विनंत्या येत असल्याचे सांगून कंपनीने नोंदणी तात्पुरती थांबवली. ऑनलाइन पंचवीस लाख फोन देण्याची भाषा होती. प्रत्यक्षात सात कोटींहून अधिक नोंदण्या झाल्याचे कंपनीने पुढे सांगितले. दरम्यान, पत्रकारांना दिलेल्या नमुना फोनवर 'अ‍ॅडकॉम' या दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले. एवढ्या सुविधांचा फोन साडेतीन हजार रुपयांच्या खाली देणे शक्य नाही, असे मोबाइल उद्योगाच्या संघटनेने केंद्र सरकारला कळवले. मुंबईचे तत्कालीन खासदार किरीट सोमय्या यांनी या योजनेबाबत उघड शंका घेऊन तक्रार केली आणि मार्च २०१६ मध्ये नोएडा पोलिसांनी फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. आरंभी पैसे भरलेल्या सुमारे तीस हजार ग्राहकांची रक्कम परत केल्याचे कंपनीने जाहीर केले आणि पुढे काही हजार फोन वितरित केल्याचाही दावा केला. मात्र नोंदणी केलेल्या कोट्यवधींच्या हाती काहीच आले नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाने केलेल्या फसवणुकीच्या तक्रारीवरून गाझियाबाद पोलिसांनी कंपनीच्या संचालकाला अटक केली.

या प्रकरणातील ग्राहकांच्या प्रतिक्रिया बोलक्या होत्या. सुशिक्षित शहरी वर्गाने विनोद केले. 'एवढ्या पैशांत फोनचे कव्हरही येत नाही' अशा धर्तीची चेष्टा झाली. पण नोंदणी करणाऱ्यांत असे अनेक जण होते, ज्यांच्यासाठी तो आयुष्यातील पहिला स्मार्टफोन ठरणार होता. २९१ रुपये बुडाले तरी हरकत नाही, या हिशेबाने काहींनी पैसे भरले. नुकसान लहान असल्याने तक्रार करावी असे फार थोड्यांना वाटले. अशा योजनांचे खरे बळ याच मौनात असते. एकेकाचे नुकसान नगण्य असले तरी त्यांची बेरीज नगण्य नसते.

दिलेला शब्द पाळला तर

मोफत योजनेवर झुंबड उडाली म्हणजे ती फसवीच असते, असे मात्र नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी 'रिलायन्स जिओ'ने आपली सेवा विनामूल्य सुरू केली, तेव्हा सिमकार्डासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या आणि सिम मिळाल्यावरही ते सुरू होण्यासाठी दिवसेंदिवस वाट पाहावी लागली. लावलेले फोन लागत नसल्याच्या तक्रारी तर सार्वत्रिक होत्या. कंपन्यांच्या जाळ्यांमधील जोडणी अपुरी असल्याचा मुद्दा दूरसंचार नियामक प्राधिकरणापुढे गेला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये प्राधिकरणाने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या कंपन्यांना एकूण ३,०५० कोटी रुपयांचा दंड करण्याची शिफारस केली. फोन का लागत नाही, दोष कोणाचा, हे सामान्य ग्राहकाला कळण्याचा मार्ग नव्हता. तथापि मोफत सेवा जाहीर केल्याप्रमाणे मिळाली, तिची मुदत मार्च २०१७ पर्यंत वाढवली गेली आणि फेब्रुवारीत ग्राहकसंख्या दहा कोटींवर पोहोचली. ऑगस्ट २०१७ मध्ये जिओफोनच्या नोंदणीच्या वेळीही संकेतस्थळ अडखळले. मात्र कंपनीने दोन दिवसांत नोंदणी थांबवली आणि आधी नोंदणी झालेल्यांना टप्प्याटप्प्याने फोन देण्यास सुरुवात केली.

या सर्व घटना शेजारी ठेवल्या, की प्रतिक्रियांचा एक क्रम लक्षात येतो. पहिल्या काही तासांत ग्राहक स्वतःलाच दोष देतो. आपले नेट मंद आहे, आपण उशिरा आलो, असे त्याला वाटते. त्यानंतर इतरांनाही हाच अनुभव आल्याचे कळते आणि चेष्टा सुरू होते. मग राग येतो, आणि तो मुख्यतः वस्तू न मिळाल्याचा नसून गृहीत धरले गेल्याचा असतो. शेवटी संशय उरतो. माल मर्यादित आहे, हे आधीच आकड्यानिशी सांगितले असते तर त्यातील बराचसा राग टळला असता. उशीर ग्राहक सोसतो. लपवालपवी तो विसरत नाही.

आधी मोजणी, मग खरेदी

याच्या नेमकी उलट रीत महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीने अर्धशतकापूर्वी घालून दिली होती. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. मुंबईतील शेजारी कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, तिची बेरीज करून घाऊक बाजारातून माल आणायचा आणि तो सभासदांच्या घरी वाटून घ्यायचा, अशी ही पद्धत. येथे प्रथम गरज मोजली जाते आणि मग माल येतो. त्यामुळे 'संपले' असे सांगण्याची वेळ सहसा येत नाही. सवलतीच्या झटपट योजनांत प्रथम गर्दी बोलावली जाते आणि मोजणी नंतर होते. अनेकदा गर्दी हाच योजनेचा हेतू असतो. नोंदणीच्या निमित्ताने मिळालेले नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक यांना बाजारात मोल असते. ते पाहता 'फुकट' म्हणून मिळणाऱ्या वस्तूची किंमत ग्राहकाने आधीच वेगळ्या रूपाने चुकवलेली असते.

कायदा काय सांगतो?

माल जाहीर केलेल्या किमतीत, वाजवी काळ आणि वाजवी प्रमाणात विकण्याचा हेतू नसताना सवलतीची जाहिरात करणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. भेटवस्तू देण्याचा इरादा नसताना ती जाहीर करणे, किंवा जिची किंमत मूळ रकमेतच वसूल केली आहे अशी वस्तू 'मोफत' म्हणून दाखवणे, हेही याच व्याख्येत येते. १९८६ च्या कायद्यात असलेली ही तरतूद २०१९ च्या कायद्यातही कायम आहे. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे आली. पुरेसा माल मिळण्याची वाजवी शक्यता नसेल तर आमिष दाखवणारी जाहिरात करू नये आणि माल मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगावे, असे ती बजावतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन व्यवहारांतील तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी आणणारी तत्त्वे जारी झाली. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणे, आमिष एका वस्तूचे दाखवून दुसरीच गळ्यात मारणे आणि अखेरच्या पायरीवर छुपे शुल्क जोडणे यांचा त्यांत समावेश आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. ज्याने मोबदला दिला किंवा देण्याचे कबूल केले, त्यालाच कायदा 'ग्राहक' मानतो. खरेदीवर मोफत वस्तू जाहीर झाली असेल तर खरेदीदार दाद मागू शकतो. एकही पैसा न देता केवळ नोंदणी करणाऱ्याची बाजू मात्र ग्राहक आयोगात दुबळी ठरते. अशा वेळी जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करण्याचा मार्ग उरतो. हे प्राधिकरण जाहिरात मागे घेण्याचा आदेश देऊ शकते आणि प्रथम दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

लोह्यातून दाद मागता येते

तालुक्याच्या गावातील ग्राहकाच्या दृष्टीने २०१९ च्या कायद्याने केलेला सर्वांत मोठा बदल अधिकारक्षेत्राचा आहे. पूर्वी विक्रेत्याचे कार्यालय कोठे आहे आणि व्यवहार कोठे घडला, यावर तक्रारीचे ठिकाण ठरत असे आणि त्यावरून वाद होत. आता ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. लोह्यातील ग्राहकाला बंगळुरू किंवा नोएडा गाठण्याची गरज नाही. नांदेडच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे त्याला दाद मागता येते. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीद्वारे घेण्याचीही तरतूद आहे. व्यवहाराची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवणे सोयीचे ठरते.

खात्यातून रक्कम गेली आणि मागणीची नोंद झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा आधार घ्यावा. कार्डाने किंवा यूपीआयद्वारे केलेल्या अशा खरेदीत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे होणाऱ्या विलंबासाठी दररोज शंभर रुपये भरपाई देणे बँकेवर बंधनकारक आहे.

पुरावा मात्र ग्राहकानेच जपावयाचा असतो. जाहिरातीचे कात्रण किंवा पडद्याचे छायाचित्र, अटींचे पान, नोंदणी क्रमांक, रक्कम वळती झाल्याचा बँकेचा संदेश आणि मागणी रद्द झाल्याचा ई-मेल हे सर्व तारखेसह साठवून ठेवावे. योजना संपली की संकेतस्थळावरील पान बहुधा नाहीसे होते.

गर्दीच्या आडून होणारी लूट

मोठ्या योजनेच्या गदारोळात तिच्याच नावाचे बनावट दुवेही फिरू लागतात. सणासुदीला 'भेटवस्तू जिंकलात, हा संदेश दहा जणांना पाठवा' अशा मजकुराचे संदेश मोबाइलवर येतात. दुवा उघडला की बँकेची माहिती किंवा सांकेतिक क्रमांक विचारला जातो. खरी भेट देणाऱ्याला ग्राहकाचा सांकेतिक क्रमांक लागत नाही, एवढी खूणगाठ बांधावी. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

मोफत वस्तूच्या आशेने रांगेत उभे राहण्यात काही गैर नाही. रांगेची लांबी आणि मालाचा साठा यांविषयी खरी माहिती मिळणे, हा मात्र त्या रांगेतील प्रत्येकाचा अधिकार आहे. माळेगावच्या बाजारात दात पाहिल्याशिवाय कोणी घोड्याचा भाव करत नाही. पडद्यावरच्या बाजारात दात पाहण्याची सोय नाही. म्हणून विक्रेत्याला आकडा विचारण्याची आणि न सांगितल्यास तक्रार करण्याची सवय ग्राहकाने लावून घेतली पाहिजे.